खिडकीचा तास

१२ जानेवारी

ही वही मुळात बुटांच्या मापांची. मापं आता संगणकावर चढवतात, त्यामुळे कोऱ्या राहिलेल्या तीन वह्या माझ्या पदरात पडल्या. प्रत्येक पानावर रकाने छापलेले आहेत: नाव, माप, रुंदी, शेरा. मी सगळे रकाने ओलांडून लिहिणार आहे. इतकी वर्षं त्यांच्या आत लिहिलं, तेवढं पुरे.

लिहायला निमित्त मिळालं ते असं. आमचं केंद्र कोठडीवर काम करणाऱ्या शिपायांना शिकवतं आणि मी तिथलं भांडार सांभाळते. गणवेश, पट्टे, बूट, शिट्ट्या. न्याय आणि समाजकार्याच्या प्रशिक्षणात पुढाकार घेणाऱ्या एका माणसाला दर वर्षी एक पुरस्कार देतात. मोठा मान आहे त्याला. आमच्याकडे तो कधी फिरकलेला नाही. यंदा प्राचार्य मॅडमनी जुन्या शिपायांना पत्रं पाठवून एकच प्रश्न विचारला, की इथला कोणता तास तुम्हाला कामावर उपयोगी पडला? एक्केचाळीस उत्तरं आली. तेहेतीस जणांनी लिहिलंय, खिडकीचा तास.

तो तास आमच्या प्रशिक्षक सरांचा. मी लगेच म्हटलं, "मग सरांचं नाव पाठवून मोकळं व्हा."

मॅडम म्हणाल्या, "नुसतं नाव चालत नाही, पुरावा लागतो. तुम्ही दोघातिघांना भेटा, नेमकं काय शिकले ते लिहून आणा. तुमच्याइतकं चौकस माणूस इथे दुसरं नाही."

ही स्तुती होती की टोमणा, ते कळलं नाही. मी स्तुतीच धरून चालले आहे.

१४ जानेवारी

दादाला पुरस्काराचं सांगितलं. तो टेबलावर एका भिंतीवरच्या घड्याळाची आतडी पसरून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "चौकशीबाई, शेवटी सरकारने तुझी कला ओळखली म्हणायची."

त्याची गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण ती मी कुठेच लिहिलेली नाही. दादा मनगटी घड्याळं दुरुस्त करायचा, तेही अख्ख्या बाजारात नाव असलेला. सव्वीस वर्षांपूर्वी दुकानाच्या रस्त्यावर दगडफेक झाली आणि पोलिसांनी दिसेल त्याला गाडीत कोंबलं. दादा शटर ओढत होता, तोही गेला. त्याला फिट यायची. गोळी चुकली की येणारच. कोठडीत गोळी चुकली, फिट आली, डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. तीन दिवस बेशुद्ध होता. पुढे गुन्हाबिन्हा काही निघाला नाही, पण उजवा हात गेला तो गेलाच. आता तो डाव्या हाताने मोठी घड्याळं दुरुस्त करतो. लहान घड्याळ कुणी आणलं तर म्हणतो, मला दिसत नाही. दिसतं त्याला.

आई होती तोवर तिने सक्त सांगून ठेवलं होतं, तो विषय घरात काढायचा नाही. आई गेली, सवय राहिली. दादाच कधीतरी चिमटा काढतो. आजही म्हणाला, "तुमच्या शिपायांना काय पुरस्कार देताय? मी आत होतो तेवढ्या वेळात माझ्याकडे कुणी फिरकलं नाही." काकांचा राग आहे त्याला. काका तेव्हा गावात असूनही आले नव्हते. मी विषय बदलला आणि चहा ठेवला.

खिडकीच्या तासाचं मात्र मी त्याला सांगितलेलं नाही, कधीच नाही. त्याचं कारण पुढे लिहीन, जमलं तर.

१९ जानेवारी

आज पहिली भेट. पत्ते माझ्याच जुन्या वह्यांत होते. मला माणसं बुटाच्या मापाने आठवतात, त्याला माझा इलाज नाही. आजचा माणूस अकरा नंबर. त्याचे बूट खास मागवावे लागले होते.

तो आता एका चौकीत कोठडीचा हवालदार आहे. मी आत गेले तर ताडकन उभा राहिला, रुमालाने खुर्ची पुसली, चहा मागवला, बिस्किटं मागवली. पुरस्काराचं वारं भलतंच लागलेलं दिसतं.

त्याच्या खिडकीला दोऱ्याने चिठ्ठ्यांचं बाड बांधलेलं होतं. आमचीच चिठ्ठी. वर लिहायचं, कोण आलं, किती वाजता, काय आणलं. खाली लिहायचं, आत जाऊन सांगितलं का, किती वाजता, आतला माणूस काय म्हणाला. खालचा भाग मी सुचवलेला. सर तेव्हा म्हणाले होते, "बाई, एवढं कशाला? वरचं पुरे." मी हटून बसले होते. का, ते मलाही धड सांगता आलं नव्हतं.

अकरा नंबर म्हणाला, "बाई, पहिल्या दिवशी तुम्ही माझी बोबडी वळवली होती."

"मी?"

"तुम्ही खिडकीशी आलात, म्हणालात माझा मुलगा आत आहे, त्याला निरोप द्या. मी जागेवर बसूनच म्हटलं, दिला. तुम्ही म्हणालात, मग तो काय म्हणाला? मला घाम फुटला. त्या दिवसापासून मी उठतो. गुडघे दुखतात, तरी उठतो."

आता ही तासाची रीत सांगायला हवी. सराव खोलीत प्लायवूडची एक खिडकी आहे. मागे शिकाऊ शिपाई बसतो, त्याच्यामागे खोटी कोठडी. पुढून पकडलेल्या माणसाच्या घरचं कुणी येतं. चौदा वर्षांपूर्वी या कामाला नाटकातली एक बाई यायची होती, ती आलीच नाही. सर म्हणाले, "बाई, दोन मिनिटं तुम्ही उभ्या राहा." मी चाळीस मिनिटं उभी राहिले. तेव्हापासून दर तुकडीला मी आई होऊन खिडकीशी जाते आणि मग परत भांडारात येऊन पट्टे मोजते.

सरांची योजनाच मुळात पक्की. तेरा वर्षांनी माणसाला शब्दन्‌शब्द आठवतो म्हणजे काय! हे सगळं फायलीत घातलं.

२७ जानेवारी

सात नंबर रुंद. ही बाई आता महिला कोठडीची प्रमुख आहे. तिनेही खुर्ची दिली, वर उशी दिली.

तिची हकीकत ऐकून मात्र मी रडले. मागच्या वर्षी एक म्हातारा दम्याचा पंप घेऊन खिडकीशी आला. नियमाने बाहेरचं औषध आत जात नाही. पण तिने नाही म्हणून परत पाठवलं नाही. डॉक्टरला फोन केला, पंप दाखवला, वीस मिनिटांत आत दिला. आतली मुलगी तोवर निळी पडायला लागली होती. वाचली.

"मला तुमचे हात दिसले," सात नंबर म्हणाली. "तासाला तुम्ही गोळ्यांचं पाकीट असं दोन्ही हातांनी धरता. मी म्हटलं, हे पाकीट परत घरी जाता कामा नये."

मी डोळे पुसत म्हटलं, "सरांना नक्की सांगते हं. त्यांना फार बरं वाटेल."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्ही चहा घ्या." लोक मोठ्या पदावर गेले की जरा विचित्र होतात.

३ फेब्रुवारी

आज सरांचं काहीतरी बिनसलं होतं. फाईल दाखवायला नेली तर म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचत गेले, ते खिडकीबाहेर बघत बसले. सगळं संपल्यावर म्हणाले, "बाई, या तेहेतीस पत्रांत माझं नाव कितीदा आलं?"

मी परत चाळली. एकदाही नव्हतं. मी म्हटलं, "अहो, तास तुमचाच ना! सूर्याला कोणी सूर्य म्हणून हाक मारतं का?"

"त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून हजेरी भरतो," सर म्हणाले.

एवढा विनय बरा नव्हे. माझ्या तीन आठवड्यांच्या पायपिटीवर पाणी ओततायत. मी फाईल उचलली आणि जरा आवाज करूनच दार लावलं.

५ फेब्रुवारी

दुपारी भांडारात कोणी नव्हतं म्हणून ती पत्रं परत काढली. सहज. एकाने लिहिलंय, "त्या माऊलीचा आवाज अजून ऐकू येतो." एकाने, "खिडकीतल्या बाईंना नमस्कार कळवा." एकाने तर माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला होता तेसुद्धा लिहिलंय.

पत्रं बांधून ठेवली. अठरा जोड बूट विनाकारण परत मोजले.

११ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. मॅडमनी बोलावलं, बाजूला सर. फायलीवर माझं नाव. मी म्हटलं, थट्टा पुरे. मी प्रशिक्षक नाही, मी बूट वाटते. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका.

सर म्हणाले, "मीच सही केली आहे त्यावर."

मी सरळ नाही म्हटलं. मॅडम आधी गोड बोलल्या, मग खरं बोलल्या. जुलैपासून नवा अभ्यासक्रम येतोय. त्यात खिडकीचा तास नाही. त्याऐवजी शिपाई संगणकावर चित्रं बघून उत्तरावर टिचकी मारणार. निवड समिती वीस तारखेला येऊन तास बघणार आहे, आणि अभ्यासक्रम ठरवणारे दोघे त्याच समितीत आहेत. त्यांना तास पटला तर राहील. "पुरस्कार चुलीत घाला हवं तर," मॅडम म्हणाल्या, "पण वीस तारखेला उभ्या राहा."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. आता कारण लिहितेच.

खिडकीशी जी उभी राहते ती आई नव्हे. ती मीच. एकोणीस वर्षांची. दादा कुठल्या चौकीत आहे हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आईचे पाय गळाले होते, म्हणून मी एकटी गोळ्या घेऊन धावले. खिडकीतला माणूस म्हणाला, "सांगतो आत. बसा." चारपर्यंत बसले. चारला कळलं, दादाला केव्हाच इस्पितळात नेलंय. पाकीट माझ्या हातातच होतं, ओलं झालेलं.

म्हणजे आत दादाला ठाऊक होतं, की बहीण गोळ्या घेऊन पंधरा पावलांवर बसली आहे, आणि तरी गोळी आली नाही. मी आरडाओरडा केला असता, कुणाचे पाय धरले असते, तर त्याचा हात वाचला असता. त्याने मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. हा त्याचा मोठेपणा. आणि मी काय केलं? त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाचा चौदा वर्षं प्रयोग लावला. हे त्याला कळलं तर मी त्याला तोंड कसं दाखवू?

वीस तारखेला उभी राहीन. दादाला कळू देणार नाही.

१८ फेब्रुवारी

सत्यानाश. केंद्राच्या रिवाजाप्रमाणे घरी निमंत्रण आलं आणि ते दादाने उघडलं. "खिडकीच्या तासाचे प्रात्यक्षिक" एवढंच छापलंय, देवाची कृपा.

"मी येतो," दादा म्हणाला.

"कशाला? रटाळ असतं. भाषणं असतात."

"तुमच्या सराव खोलीतलं घड्याळ सात मिनिटं मागे आहे म्हणून तू किती वर्षं कुरकुरते आहेस. पाहुण्यांसमोर शोभतं का ते? हत्यारं घेऊन येतो."

मी जिन्यांचं सांगितलं, गर्दीचं सांगितलं, त्याच्या गुडघ्याचं सांगितलं. तो नुसता हसला. "चौकशीबाई, तू एवढी कारणं देतेस म्हणजे तिथे काहीतरी बघण्यासारखं आहे."

२० फेब्रुवारी

नीट क्रमाने लिहिते.

दादा माझ्याबरोबर साडेआठलाच आला. सराव खोलीतलं घड्याळ खोट्या कोठडीच्या भिंतीवर आहे. सरांनी ते उतरवून दिलं आणि दादा तिथल्याच बाकावर मांडीवर घड्याळ घेऊन बसला. मी म्हटलं, बरं झालं. तिथून त्याला खिडकीची पाठ दिसेल, मी दिसणार नाही. कामात गुंतला की त्याला आजूबाजूचं भान नसतं.

समिती आली. निवृत्त न्यायाधीश बाई, दोन अभ्यासक्रमवाले, एक प्राध्यापक. मागे सगळी तुकडी. सात नंबर आणि अकरा नंबर सुट्टी काढून आले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तो बाक कैद्याचा, हे मला तेव्हा आठवलं. दादाला तिथून उठवायचं होतं, पण सरांनी शिट्टी वाजवली आणि तास सुरू झाला.

खिडकीत नवा शिकाऊ शिपाई, आठ नंबर. फार सरळ माणूस, सांगितलेलं तंतोतंत करणारा. मी पाकीट घेऊन पुढे झाले. रोजचं वाक्य तोंडात तयार होतं, माझा मुलगा आत आहे. आणि बाहेर पडलं ते, "माझा दादा आत आहे."

आठ नंबर जरा गडबडला, पण त्याने लिहून घेतलं. "आपण कोण? बहीण? काय आणलंय?"

"फिटच्या गोळ्या. वेळ लिहा, नऊ वीस. काल दुपारपासून त्याने घेतलेली नाही. तुम्ही त्याला सांगा मी आले आहे. मी इथेच आहे, कुठे जात नाही."

मी आवाज दाबून बोलत होते. दाबला गेला नाही.

आठ नंबर उठला. बाक रोज रिकामा असतो. शिपायाने रिकाम्या बाकाला निरोप सांगायचा आणि परत यायचं, अशी रीत. आज बाकावर माणूस होता. आता दुसरा कुणी असता तर थांबला असता, सरांकडे बघितलं असतं. आठ नंबर थांबला नाही. त्याची पावलं मला ऐकू आली. मग त्याचा आवाज, अगदी शिकवल्यासारखा, "तुमची बहीण आली आहे. फिटच्या गोळ्या आणल्या आहेत. बाहेरच थांबली आहे. म्हणाली, कुठे जात नाही."

घड्याळाचा एक चाप जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

मग दादा म्हणाला, "किती वाजता आली?"

"नऊ वीसला, साहेब."

मी खिडकीची कड धरून उभी होते. आतून दादाचा आवाज आला, बारीक, लहानपणी असायचा तसा. "तिला सांगा, कळलं मला."

आठ नंबर परत आला, बसला, चिठ्ठीचा खालचा भाग भरला आणि मला म्हणाला, "सांगितलं, ताई. ते म्हणाले, कळलं."

सरांनी शिट्टी वाजवली नाही. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला. मी पाकीट खिडकीवर ठेवलं आणि तशीच बाहेर व्हरांड्यात गेले.

दादा माझ्यामागून जिना उतरला. फाटकापाशी थांबला. "तू आली होतीस?"

"म्हणजे? तुला ठाऊक नव्हतं? तो म्हणाला होता आत सांगतो."

"मला कोणी काही सांगितलं नाही. मला वाटलं घरच्यांनी लाजेने तोंड फिरवलं. आईसुद्धा पुढे कधी बोलली नाही, तेव्हा तर खात्रीच झाली." मग म्हणाला, "किती वाजता आली होतीस, खरंच?"

"नऊ वीस. खिडकीवर घड्याळ होतं."

"मला फिट आली तेव्हा अकराचे टोल पडत होते," तो म्हणाला. "म्हणजे तू बाहेर होतीस."

"होते."

त्याने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आम्ही भर रस्त्यात रडलो, दोन पोक्त माणसं. येणारेजाणारे बघत होते, बघोत. सव्वीस वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं त्याने मला माफ केलंय, आणि तो समजत होता त्याने आम्हाला माफ केलंय.

१४ मार्च

निकाल आला. पुरस्कार आम्हालाच. मानपत्रावर हुद्दा छापलाय "भांडार लिपिक". मॅडम चिडल्या आहेत. मला आवडलं. खिडकीचा तास अभ्यासक्रमात राहिला. संगणकही येणार आहे, त्याला माझी हरकत नाही, फक्त माझ्या भांडारात ठेवू नका म्हटलं.

दादाला मानपत्र दाखवलं. त्याने लांब धरून वाचलं, "छान जाड कागद आहे" म्हणाला आणि बाजूला ठेवलं. मग चष्म्याच्या डबीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. आठ नंबरची, त्या दिवशीची. ही त्याने केव्हा मागून घेतली देव जाणे.

वर लिहिलंय: बहीण. ९.२०. फिटच्या गोळ्या. खाली लिहिलंय: आत सांगितले, होय. वेळ ९.२४.

"यात चूक आहे," दादा म्हणाला. "ते घड्याळ माझ्या मांडीवर उघडं पडलं होतं, बंद. तुमच्या शिपायाने वेळ अंदाजे टाकलीय."

"मग कर दुरुस्त," मी म्हटलं.

त्याने डाव्या हातात पेन घेतलं. ९.२४ वर रेघ मारली आणि त्यापुढे, सावकाश, वाकड्या अक्षरात लिहिलं: सव्वीस वर्षांनी.